बोलायची जागा

(गंगाखेड येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना पाहण्याचं भाग्य मला लाभलं नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मात्र एक आठवण ऐकायला मिळाली. वर्गात दोन पोरं हातघाईवर आली की गुरुजी आधी दोघांनाही रांजणावर पाणी प्यायला पाठवायचे. पाणी पिऊन आल्यावर एकेकाला जवळ घेऊन विचारायचे, ‘काय झालं ते सांग, आणि तुला काय वाटलं तेही सांग.’ शिक्षा करायची की नाही, हे त्यानंतर ठरायचं. रागाबद्दल, दुःखाबद्दल मानसशास्त्र जे शिकवतं त्यातलं बरंचसं या दोन प्रश्नांत येऊन जातं.

संयोजकांनी मला विषय दिला तो ‘भावनांवर नियंत्रण आणि सुखी जीवन’ असा. या परभणी जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करताना मी पाहिलंय की नियंत्रण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. राग आला तर गिळायचा, रडू आलं तर दाबायचं, भीती वाटली तर कुणाला कळू द्यायची नाही. ‘मन घट्ट कर’, ‘बाप्यामाणसानं रडायचं नसतं’, ‘जाऊ दे, मनावर घेऊ नको’ हे आपले नेहमीचे उपदेश. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं आपल्याबद्दल बोललं जातं आणि आपणही ते अभिमानानं सांगतो. येईल ते झेलणारी माणसं आहेत ही, याबद्दल मला शंका नाही. पण रस्त्यात कुणीही विचारलं तर ‘काही नाही, चाललंय’ म्हणणाऱ्या माणसाला तीन-तीन महिने झोप नसते, हेही मी जवळून पाहिलंय. झेलणं वेगळं आणि आतल्या आत साचवणं वेगळं.

मला आज एवढंच मांडायचं आहे की भावना सांभाळणं ही जन्मजात मिळालेली देणगी नाही. पोहण्यासारखी ती शिकून येते. आणि ती एकट्यानं, कोंडून घेऊन शिकता येत नाही. तिला बोलायची जागा लागते. अशी जागा आपल्या या मुलखात पूर्वी होती, निदान बायकांसाठी होती. तिथूनच सुरुवात करते.

आपण बसलोय ते गंगाखेड जनाबाईंचं गाव. गोदावरीच्या काठची ही पोर लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली आणि आयुष्यभर नामदेवांच्या घरची कामं करत राहिली. दळण, कांडण, शेण-गोवऱ्या. आपण तिला भक्तीची मूर्ती मानतो, ते योग्यच आहे. पण तिचे अभंग जरा निवांत वाचा. त्यात नुसती शांती नाही. त्यात एकटेपण आहे, हट्ट आहे, रुसवा आहे, आणि प्रत्यक्ष विठोबाला घरच्या भाषेत तोंडावर केलेली शिवीगाळसुद्धा आहे. देवावरचा राग तिनं लपवला नाही, आणि त्या रागानं तिची भक्ती बाटली असंही कुणाला कधी वाटलं नाही. वारकरी संप्रदायानं ते अभंग सातशे वर्षं जपले, म्हणजे एका दासीचा राग ऐकून घेण्याइतका मोठेपणा त्या परंपरेकडे होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

जनाबाईंच्या मागे उभी आहे ती जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पोईत्वँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. १९९० च्या दशकात त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. त्यांच्या एका ओवीत वनवासातली सीता आहे. रानात कुणीतरी रडतंय आणि ते ऐकून बोरी-बाभळी पुढे होतात, बाया होऊन तिची समजूत घालतात. मी ती ऐकली तेव्हा आवाज थकलेला होता, पण सूर कुठेही हलत नव्हता. इथं बसलेल्यांपैकी ज्यांनी भर उन्हात बाभळीखाली न्याहारी केली आहे, त्यांना कळेल की आपल्या माळावर दुसरं झाड कुठलं असणार. अयोध्येच्या राणीला धीर द्यायला आंबा नाही, वड नाही, काट्यांची झाडं आली. ज्या बाईनं ही कल्पना केली तिला ठाऊक होतं की रडणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी काय लागतं. कुणीतरी ऐकलं पाहिजे, आणि जवळ आलं पाहिजे.

आता बघा, पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसून दळताहेत. हाताला काम आहे, नजर पिठावर आहे. एकमेकींच्या डोळ्यांत बघायची सक्ती नाही. सासूबद्दल थेट बोलता येत नाही, पण सीतेच्या सासुरवासाबद्दल बोलता येतं. एकीनं ओवी टाकली की दुसरी उचलते. दुःखाला नाव मिळतं, चाल मिळते, श्रोता मिळतो, आणि दळण संपलं की ओवीही थांबते. दिवसभर तेच उगाळत बसायचं नाही. सल्लागाराच्या खोलीत आम्ही तासाभरात जे घडवायचा प्रयत्न करतो, ते या बायका रोज करत होत्या. त्यांचं दुःख त्यानं संपलं असं मी म्हणणार नाही. त्या जात्यावर जो छळ गायला गेला, तो छळ थांबला नाही, म्हणून जातं गेलं याचं मला दुःख नाही. पिठाच्या गिरणीनं बायकांचे खांदे वाचवले. दुःख याचं आहे की जात्याबरोबर ती बोलायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात आपण दुसरी काही उभी केली नाही.

पुरुषांना तर ती कधी नव्हतीच. पारावर बोलणं होतं ते पावसाचं, भावाचं, निवडणुकीचं. ‘मला भीती वाटते’ असं पारावर बसून म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भजनात, सप्त्यात डोळे पुसणारे पुष्कळ आहेत, तेवढीच एक वाट उघडी आहे. दुसरी वाट संध्याकाळी गुत्त्याकडे जाते. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथल्या कामात नुसती बाटली सुटून भागत नाही, आतलं बोलायला शिकावं लागतं. म्हणून गटात बसून मोकळं होण्याला तिथं एवढं महत्त्व आहे.

दाबल्यानं भावना जात नाही, हे आता प्रयोगांनीही दिसलेलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९० च्या दशकात लोकांना अंगावर काटा आणणारी फीत दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांनी ते जमवलं, चेहरे कोरे राहिले. पण मोजणी केली तेव्हा शरीरावरचा ताण वाढलेला निघाला. त्याआधी १९८६ मध्ये टेक्सासच्या जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. शुद्धलेखन बघायचं नाही. ती मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतलं भीती-रागाचं केंद्र, ज्याला अमिग्डाला म्हणतात, ते थोडं शांत होतं. गुरुजींचा दुसरा प्रश्न आठवा. ‘तुला काय वाटलं ते सांग.’

पण वाटतं ते नेमकं कशामुळे वाटतं? इथं मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं नाव घेतलं पाहिजे. जन्म १९१३, मृत्यू २००७, कर्मभूमी न्यूयॉर्क. मराठी वाचकांना ते परके नाहीत. आपल्या कि. मो. फडके यांनी १९६८ पासून कितीतरी वर्षं एलिस यांच्याशी पत्रव्यवहार केला, त्यांच्या सिद्धांतातल्या न पटलेल्या जागा त्यांना कळवल्या, आणि त्यांची विचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. नसेल तर ग्रंथालयात मागा.

एलिस स्वतः तरुणपणी भयंकर लाजाळू होते. बाईशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिन्याभरात शंभरावर जणींशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. आणि त्यांच्या ध्यानात आलं की शंभर नकार मिळाले तरी आकाश कोसळलं नाही. भीती गेली ती विचार करून नाही, करून पाहून गेली. पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी यातून उपचारपद्धती बांधली. तिचं सार सोपं आहे. घटना घडते, आणि आपल्याला दुःख होतं, राग येतो. आपण समजतो, घटनेनंच सरळ ते दिलं. पण मध्ये एक विचार असतो. नुकसान झालं, वाईट वाटलं, हे ठीकच. ‘हे माझ्या बाबतीत होताच कामा नये होतं, आता मी संपलो, लोकांपुढे मी शून्य’ हा मधला विचार दुःखाचं नैराश्य करतो, नाराजीचा संताप करतो. दुःख राहू द्यावं. नैराश्य ओढवून घेणारा तो मधला विचार तपासावा.

हे काही परदेशातून आलेलं नवल नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे श्लोक बघा. आधी माणूस विषयाचं चिंतन करत बसतो, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून राग, रागातून भ्रम, आणि शेवटी बुद्धीचा नाश. साखळीची पहिली कडी चिंतन आहे, विचार आहे. गांधीजींच्या सायंप्रार्थनेत हे श्लोक रोज असत, आणि विनोबांनी १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात हे श्लोक ज्यात येतात त्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर प्रवचनं दिली. आपण स्थितप्रज्ञ म्हणजे भावनाच नसलेला दगड समजतो, ती समजूत सोडून दिली पाहिजे.

तत्त्व पुरे. प्रत्यक्षात हे कसं होतं ते सांगते. दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, कुणाचीही ओळख उघडी पडू नये म्हणून.

२०१५ च्या सुमारास राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात परभणी आहे. आशा कार्यकर्तीनं घरोघर जायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, ताण जास्त दिसला तर पुढे पाठवायचं. अशीच एक आशाताई एका ओसरीवर बसलेली. पन्नाशीचे मामा बाजेवर. तिनं आधी बैलाची चौकशी केली, मग म्हणाली, ‘मामा, झोप येती का?’

‘येती की. न यायला काय झालं?’

आतून मामींचा आवाज आला, ‘रातच्या दोनला उठून अंगणात फिरतेत. इचारलं तर म्हणतेत, बैल सुटला का बघायलो.’

मामा काही बोलले नाहीत. आशाताईनं वही मिटली. पुढचे प्रश्न कागदावर होते, तरी तिनं ते विचारले नाहीत. चहा होईपर्यंत ती नुसती बसून राहिली. तिचं हे बसणं मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मोठं वाटतं. चहा आला, आणि कपाकडे बघत मामा म्हणाले, ‘मोंढ्यात चार माणसांत बोलला तो आडत्या. पैशाचं नाही वाटलं. चार माणसांत बोलला.’

नंतर ते माझ्याकडे आले तेव्हा सोयाबीन पाण्यात गेलेलं होतं, बँकेत नवं-जुनं करायचं राहिलं होतं, सावकाराचं वेगळं होतं. हे सगळं खरं होतं, आणि त्यांचं काळीज कुरतडत होतं ते मात्र ‘आता गावात तोंड दाखवायला जागा नाही’ हे वाक्य. मी विचारलं, गावात अजून किती जणांचं सोयाबीन गेलं? म्हणाले, सगळ्यांचंच. त्यांच्यापैकी कुणाचं तोंड तुम्हाला बघवत नाही? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘कुणाचंच तसं नाही. त्यांची कीव येती.’ मी म्हटलं, तेवढीच कीव स्वतःची करा.

मग आम्ही एक कोरा कागद घेतला. बँकेचं किती, सोसायटीचं किती, सावकाराचं किती, कधी द्यायचं, कोण थांबायला तयार आहे. डोक्यात फिरत होतं तेव्हा त्याला आकार नव्हता. कागदावर आकडा मोठाच आला, लहान आला असं मी सांगणार नाही. पण आकड्याला शेवट असतो. त्या दिवशी सगळ्यात अवघड काम पुढे होतं, तो कागद घरी मामींना दाखवायचा. लग्नाला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि घरावर एकूण किती देणं आहे हे त्या माऊलीला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं तिला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं, आणि ती रात्री दोनला जागीच असायची. कागद बघून त्या रडल्या, आणि मग म्हणाल्या, एवढंच होतं तर आधी सांगायचं की. देणं दुसऱ्या दिवशीही तेवढंच होतं. झोप मात्र त्या आठवड्यात लागली. त्यांना काही महिने गोळ्याही घ्याव्या लागल्या, हे मुद्दाम सांगते. मधुमेहाची गोळी घेताना आपण लाजत नाही.

आता थोडं कडक बोलते. शेतकऱ्यापुढे उभं राहून ‘सकारात्मक विचार करा’ म्हणणाऱ्या भाषणांचा मला संताप येतो. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मोंढ्यात शेतकऱ्याच्या हाती पडला तो त्याहून कमी. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडवर अतिवृष्टी कोसळली. हे विचारांचे दोष नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात शेतीशी संबंधित ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या, त्यातली ४,२४८ महाराष्ट्रातली. भाव, विमा, पाणी, कर्ज यांचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. मन सांभाळायला शिकणं हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. ज्याला झोप आहे, ज्याच्या घरात बोलणं आहे, तोच माणूस उद्या तहसीलवर जाऊन विम्याचा जाब विचारू शकतो. माझ्या कामाचं मोल तेवढं आहे, आणि ते थोडं नाही.

२०२२ या वर्षी देशात एकूण १,७०,९२४ माणसांनी जीव दिला. दहातले सात पुरुष होते. पारावर ज्यांना ‘मला भीती वाटते’ म्हणता येत नाही, ते हे.

आणि बोलण्यानं, साध्या मदतीनं फरक पडतो का? पडतो. आपल्या शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या माणसांचा त्यात मोठा वाटा होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, नैराश्य म्हणजे काय ते समजावलं, गरजूंना समुपदेशकापर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत नेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेलं. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आला. जमीन, पाऊस, पिकं सारी आपल्यासारखीच. तिथं जमलं ते इथं जमेल.

रागाबद्दल थोडं वेगळं बोलायचं आहे, कारण त्याच्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. राग आला म्हणजे माणूस वाईट, असं आपण मुलांना शिकवतो. अन्यायाचा राग यायलाच हवा. प्रश्न त्या रागाचं काय करायचं हा आहे, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर अफवा उठली आणि तिथल्या परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले, बायका-मुलंही सुटली नाहीत. मार खाल्लेल्या जमावात तरणीबांड माणसं होती, पलटणीत राहून आलेली होती. बाबासाहेबांनी एक शब्द टाकला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. त्यांनी आपल्या माणसांना आवरलं. आवरलं म्हणजे गप्प बसवलं नाही. फिर्याद दिली, हल्लेखोरांना शिक्षा झाल्या, आणि तळ्याचा दावा दहा वर्षं लढवून १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. तो राग दहा वर्षं विझला नाही आणि दहा वर्षं भरकटलाही नाही. भावना सांभाळणं याचा यापेक्षा स्पष्ट अर्थ मला देता येणार नाही. बांधावरून, वाटणीवरून सख्ख्या भावांची डोकी फुटतात तिथं घटकाभर थांबून ‘मला नेमकं काय हवंय’ असं एकानं जरी विचारलं तरी दोन घरं वाचतात.

थांबायचं कसं, तर शरीरापासून. राग आला की छाती धडधडते, श्वास वर चढतो, आणि तेव्हा शहाणपणाचे विचार सुचतच नाहीत. श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. त्यानं हृदयाचे ठोके खाली येतात. उठून पाणी प्यायचं. भांडण उद्यावर टाकायचं. उद्या सकाळी ते भांडण निम्मं झालेलं असतं.

थोडं मुलांविषयी. परभणी, सेलू, जिंतूरची पोरं पंधरा-सोळाव्या वर्षी लातूर-नांदेडला खोली करून राहतात, शिकवण्यांना जातात. त्यांच्याशी फोनवर आपण काय बोलतो? ‘चाचणीत किती पडले?’ जेवलास का, हेही बऱ्याचदा त्याच्या नंतर येतं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं सांगितलं, पप्पांचा फोन आला की पोटात गोळा येतो. ते वडील पोरीवर जीव ओवाळून टाकणारे होते. गुण विचारायलाच हवेत, पण कधी तरी फोन नुसता बोलायला करा. कमी पडले असतील तर ‘आपण पुढचं बघू’ एवढं म्हणा आणि त्या दिवशी तिथंच थांबा. घरी असलेल्या मुलानं आदळआपट केली तर त्याला गुरुजींचे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या, मध्ये उपदेश घालू नका. ज्या मुलाला घरात ‘मला वाईट वाटलं’ म्हणता येतं, तो मोठेपणी ओसरीवर बसून ‘येती की झोप’ असं खोटं सांगणार नाही.

आता काही कामाच्या गोष्टी. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आशाताई तुमच्या गावातच आहे. आणि एक भीती मनातून काढून टाका. घरात कुणी जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल म्हणून माणसं दवाखान्यात नेत नाहीत, लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याच्यावर त्यासाठी खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. अशा माणसाला आधी दवाखाना, आणि नंतर त्याच्याजवळ बसणं. ‘असं कसं केलंस’ हा प्रश्न त्याला कुणीही विचारू नये. कुणाबद्दल शंका वाटली तर ‘जीव नकोसा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो, हा माझा अनुभव आहे.

या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना, इथल्या सरपंचांना, ग्रंथालयाच्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्याकडे सप्ता होतो, जयंत्या होतात, हळदीकुंकू होतं. महिन्यातून एक संध्याकाळ बोलायची ठेवा. मंदिराच्या ओट्यावर ठेवा, बुद्धविहारात ठेवा, दर्ग्याच्या आवारात ठेवा, ग्रामपंचायतीत ठेवा. आशाताईला बोलवा, जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाला बोलवा. पहिल्या दोन-तीन बैठकांना कुणी बोलणार नाही, तरी बैठक बंद करू नका. पुरुषांची बैठक वेगळी ठेवावी लागली तर वेगळी ठेवा. आणि पहिली बैठक पुढच्या पेरणीच्या आधी घ्या, कारण ताण पेरणीपासून चढायला लागतो.

मी सभा संपल्यावर इथंच खाली बसणार आहे. कुणाला एकट्यानं काही विचारायचं असेल तर या.